ओळखपरेड : पात्रता, कार्यपद्धती आणि कागदपत्रे

धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री गाडी अडवून कोणाला लुटले आणि लुटारू अनोळखी असले, तर पुढे पकडलेला इसम तोच आहे का, हे ताडून पाहण्यासाठी ओळखपरेड घेतली जाते. ओळखणाऱ्याने आरोपीला घटनेच्या वेळी पाहिलेले असावे आणि तो त्याच्या आधीच्या ओळखीचा नसावा. गावातल्या, नावानिशी ठाऊक असलेल्या आरोपीसाठी परेडची गरजच नसते.

यासाठी साक्षीदाराने अर्ज करायचा नसतो. तपास अधिकारी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांना, लेखी विनंती करतो. आरोपीने ओळखीसाठी उभे राहावे असा आदेश न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ खाली देऊ शकते. आरोपी न्यायालयीन कोठडीत असल्यास परेड सहसा कारागृहातच होते. साक्षीदाराने बोलावण्याचे पत्र आणि स्वतःचे ओळखपत्र जवळ ठेवावे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेनुसार एका आरोपीसोबत किमान सहा, दोघांसोबत दहा-बारा मिळत्याजुळत्या चेहरेपट्टीचे व वयाचे इसम उभे करावेत आणि एका परेडमध्ये शक्यतो दोनांहून अधिक आरोपी नसावेत. रांगेतली जागा आरोपीने निवडायची. कपडे बदलायचे असल्यास तशी मुभा त्याला द्यायची. प्रत्यक्ष ओळख पटवताना तेथे पोलीस नसावेत, कारण त्यांच्या देखरेखीत झालेली ओळख ही पोलिसांसमोरचे निवेदन ठरून पुराव्यातून बाद होऊ शकते (रामकिशन विरुद्ध मुंबई राज्य, १९५५). दंडाधिकारी दोन पंचांसमक्ष निवेदनपत्र तयार करतात. कोणी कोणाला ओळखले, कोणी चुकीच्या माणसाकडे बोट दाखवले, आरोपीने कोणती हरकत घेतली, हे सारे त्यात यायला हवे.

खरी अडचण मात्र परेडच्या आधीच होते. आरोपीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला, वर्तमानपत्रात छापून आला किंवा तोंडावर बुरखा न घालता त्याला कोर्टात नेले, तर साक्षीदाराने त्याचा चेहरा परेडआधीच पाहिला असू शकतो. बचाव पक्षाचे वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतात, आणि तो रास्त असतो. परेडला कारणाशिवाय झालेला उशीरही त्याच कारणाने संशयास्पद ठरतो. असा फोटो आलाच तर साक्षीदाराने तो पाहू नये. पाहिला गेला असल्यास परेड घेणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना तसे सांगावे.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७ खाली (पूर्वीच्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ९) ओळखपरेड प्रस्तुत, म्हणजे पुराव्यात विचारात घेण्याजोगी, ठरते, परंतु मूळ पुरावा न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख हाच असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मलखानसिंग प्रकरणात २००३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे परेडमध्ये ओळख पटवली तरी साक्षीदाराला खटल्यात साक्षीस यावेच लागते.