विद्यार्थी रेसकारची आवाज चाचणी: पात्रता, कागदपत्रं आणि सायलेन्सरची निवड

पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रामुळे इंदूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना बाहा ही खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्यांची स्पर्धा चांगली ओळखीची आहे. तिथे इंजिन आयोजकच ठरवून देतात, त्यामुळे सायलेन्सरची डोकेदुखी फारशी नसते. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेत उतरलात की इंजिन तुमचं आणि त्याचा आवाजही तुमचाच. तिची नियमावली फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी या तशाच जर्मन स्पर्धेच्या धर्तीवर आहे.

कोण उतरू शकतं

नोंदणी कॉलेजच्या नावावर होते. संघातली मुलं अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेली हवीत आणि सोबत मार्गदर्शक प्राध्यापक हवेत. गाडी चालवणाऱ्याकडे वैध वाहन परवाना लागतो. पेट्रोल इंजिन चार स्ट्रोकचं, जास्तीत जास्त 710 सीसी आणि त्याच्या हवेच्या वाटेत 20 मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर, म्हणजे हवा अडवणारं अरुंद तोंड. ओळखपत्रं आणि परवाने मूळ प्रतींसह एकाच फाइलमध्ये ठेवा. त्याच फाइलमध्ये इंजिनचा स्ट्रोक (पिस्टनच्या एका धावेची लांबी) दाखवणारं कंपनीच्या मॅन्युअलचं पानही असू द्या. त्याचं कारण पुढे येतंच.

मर्यादा किती, मोजतात कशी

आयडलिंगला 103 आणि चाचणीच्या वेगापर्यंत 110 डेसिबल, दोन्ही सी वेटिंगवर, म्हणजे खर्जातला आवाजही जवळपास पूर्ण धरणाऱ्या मोजणीवर. गिअर न्यूट्रलमध्ये असतो. माइक एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, तोंडाच्याच उंचीवर आणि 45 अंशांच्या कोनात धरतात. दोन तोंडं असतील तर दोन्हीकडे मोजतात आणि जास्त आकडा धरतात.

चाचणीचा वेग इंजिनागणिक बदलतो. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15.25 मीटर होईल तो आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काढायचा आणि जवळच्या 500 ला आणायचा. एका सिलिंडरच्या जुन्या केटीएम 390 बाइकच्या इंजिनाचा स्ट्रोक 60 मिलिमीटर, म्हणजे हिशोब 7625, चाचणी 7500 वर. नव्या 399 सीसीवाल्याचा स्ट्रोक 64, तो 7000 वर येतो. चार सिलिंडरची होंडा सीबीआर 600 आरआर 42.5 च्या स्ट्रोकमुळे थेट 11000 वर.

खरी अडचण

बहुतेक संघ इथेच फसतात. एकाच सिलिंडरचं चार स्ट्रोक इंजिन 7500 वर सेकंदाला साधारण 62 ठोके देतं, म्हणजे मुख्य सूर फार खर्जातला. बाजारातल्या चकचकीत ‘स्पोर्ट’ सायलेन्सरमध्ये जाळीदार नळीभोवती काचलोकर भरलेली असते. ती वरच्या पट्टीतला कर्कशपणा छान शोषते, पण गरम वायूत ज्याची तरंगलांबी आठ मीटरांच्या आसपास जाते, त्या खर्जाला दोन बोटं जाडीच्या लोकरीचं काय भय? त्याला आवर घालायला जागाच हवी: मोठा डबा, आत पडदे आणि कप्पे. चार सिलिंडरच्या इंजिनाचा सूर 11000 वर 360 हर्ट्झच्या पुढे जातो, म्हणून तिथे लोकर बऱ्यापैकी कामाला येते. एका सिलिंडरसाठी माझं मत स्पष्ट आहे: वजन दीड-दोन किलो वाढलं तरी चालेल, डबा मोठाच घ्या.

घरच्या सरावातली फसगतही याच कारणाने होते. आवाजाचा मीटर ए वेटिंगवर ठेवला तर 63 हर्ट्झच्या सुरातून तो तब्बल 26 डेसिबल वजा करतो, सी वर एकही पुरता नाही. ए वर पाहून खूश झालेला संघ स्पर्धेत नापास होतो. मीटरला सी आणि फास्ट (झटपट बदल टिपणारी) या दोन्ही सोयी आहेत का, हे बघूनच घ्या. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नका.

डबा बनवून घेताना

इंदूरच्या सांवेर रोडला टिग वेल्डिंग (पातळ पत्र्याचं बारीक जोडकाम) करणारा चांगला कारागीर मिळतो. त्याला नुसतं तोंडी न सांगता मापांसकट ड्रॉइंग द्या. एक्झॉस्टचं तोंड मागच्या ॲक्सलच्या मध्यरेषेपासून 45 सेंटीमीटरपेक्षा मागे आणि जमिनीपासून 60 पेक्षा वर जाता कामा नये. पाइपवर बाहेरून उष्णतारोधक पट्टी गुंडाळणं निषिद्ध आहे; बाइकवाल्यांच्या नादाने ती लावू नका.

सरावाची परवानगी

शिक्षणसंस्थेभोवतीचा 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्रात येतो आणि दिवसाही मर्यादा 50 डेसिबलची असते. तेव्हा आवारात इंजिन फिरवण्याआधी कॉलेजची लेखी परवानगी घ्या. शक्यतो शहराबाहेरची जागाच बघा. जवळ उभे राहणाऱ्या सगळ्यांच्या कानांवर इअरमफ हवेत.

चाचणीच्या दिवशी

आधी यांत्रिक तपासणी, मग आवाज आणि ब्रेक. आरपीएम परीक्षकाला दिसला पाहिजे, तेव्हा डॅशबोर्ड किंवा लॅपटॉप तयार ठेवा. नापास झालात तर दुरुस्ती करून पुन्हा रांगेत लागता येतं. म्हणून जास्तीची लोकर, रिव्हेट आणि एक अरुंद टोकनळी पेटीत असू द्या. पास झाल्यावर सायलेन्सरला हात लावू नका, कारण अधिकारी नंतर कधीही पुन्हा मोजू शकतात.