बारीक अक्षरांतला कायदा : कायद्याचे राज्य शिकवण्यामागची पार्श्वभूमी

रोमचा सम्राट कॅलिग्युला याने नवे कर बसवले, पण त्यांचे नियम लिहून जाहीर केलेच नाहीत. माहीत नसलेला नियम मोडून लोक गुन्हेगार ठरू लागले. ओरड झाली तेव्हा त्याने नियमांचा फलक लावला खरा, पण अक्षरे इतकी बारीक आणि जागा इतकी अडचणीची, की कोणाला नक्कल उतरवून घेता येऊ नये. ही हकीकत सुएटोनियस या रोमन चरित्रकाराने नोंदवली आहे. त्याला हा सम्राट मुळीच आवडत नव्हता, तेव्हा त्यात थोडे तिखटमीठ असेलही. तरी जुलमी सत्तेला कायदा लोकांना कळू द्यायचा नसतो, ही गोष्ट त्यात नेमकी टिपलेली आहे.

‘कायदा माहीत नव्हता’ ही सबब चालत नाही, हे तत्त्व जवळपास सगळीकडे मानले जाते. त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. सबब ऐकून घ्यायची नसेल, तर कायदा लोकांपर्यंत पोचवण्याची जबाबदारी सत्तेवर येते. तरुणांना आणि सर्वसामान्यांना कायद्याचे राज्य शिकवण्याचा इतिहास इथून सुरू होतो, आणि त्यात एक गफलत पहिल्यापासून होत आली आहे. कायदा शिकवणे वेगळे आणि कायद्याचे राज्य शिकवणे वेगळे. पहिल्यात ‘काय केले की काय शिक्षा’ एवढे कळले की भागते. दुसऱ्यात, शिक्षा करणाराही त्याच कायद्याने बांधलेला आहे, हे कळावे लागते. पहिला धडा राज्यकर्त्यांनी आवडीने दिला. दुसरा देताना बहुतेकांची जीभ अडखळली.

सुरुवात जाहीर वाचनापासून झाली. बॅबिलोनच्या हम्मुराबीने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी आपले कायदे उभ्या शिळेवर कोरवले. शेवटी त्याने म्हटले आहे, की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या शिळेपाशी यावे आणि तिच्यावरचा लेख वाचून घ्यावा. लिहिता-वाचता येणारे मूठभर असताना याचा अर्थ ‘कोणाकडून तरी वाचवून घ्यावा’ असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने धौली आणि जौगडा इथे कोरवलेल्या दोन स्वतंत्र लेखांपैकी एक तर मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत चकित करणारा पुरावा वाटतो. तो प्रजेला नव्हे, नगरात न्यायाचे काम पाहणाऱ्या महामात्रांना उद्देशून आहे. कोणाला विनाकारण कैद होऊ नये, छळ होऊ नये. मत्सर, राग, क्रूरपणा, घाई आणि आळस यांनी कामात बाधा आणू नये, असे त्यात बजावले आहे. आणि हा लेख तिष्य (पुष्य) नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, मधल्या काळातही वाचावा, ऐकणारा एकटाच असला तरी वाचावा, असा आदेश आहे. म्हणजे अधिकाऱ्यांना घातलेली बंधने प्रजेच्या कानांवर घालण्याची सोय. प्रत्यक्षात ती कितपत पाळली गेली, हा वेगळा प्रश्न.

लेखनाशिवायही हे काम चाले. आइसलँडमध्ये इ.स. ९३० च्या सुमारास आल्थिंग ही सभा भरू लागली. तिथे ‘कायदा सांगणारा’ असा एक निवडून दिलेला अधिकारी असे. कायद्याचा एक तृतीयांश भाग दर उन्हाळ्यात, असे करत तीन वर्षांत सगळा कायदा तो लोकांसमोर तोंडपाठ म्हणून दाखवी. एखादा भाग नीट आठवत नसेल, तर आधी पाच किंवा अधिक जाणकारांशी बोलून खात्री करून घेण्याचे बंधन त्याच्यावर होते. १११७-१८ च्या हिवाळ्यात कायदा लिहून काढायला घेतला, तोवर कायद्याचे पुस्तक म्हणजे हा माणूसच.

इंग्लंडची १२१५ची महासनद (मॅग्ना कार्टा), म्हणजे राजाच्या सत्तेला बंधने घालणारा लेख, लॅटिनमध्ये होती. १२९७ साली पहिल्या एडवर्ड राजाला युद्धासाठी पैसा हवा होता, आणि त्याबदल्यात त्याला ती सनद पुन्हा मान्य करावी लागली. तेव्हा तिच्या प्रती कॅथेड्रलांमध्ये ठेवून वर्षातून दोनदा लोकांसमोर वाचाव्यात, असे ठरले. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना किती कळले असेल, सांगता येत नाही. पण राजानेही काहीतरी लिहून दिले आहे, एवढे तरी गावोगाव पोचले.

मुलांना कायदा पाठ करायला लावण्याची पद्धतही जुनी आहे. रोममध्ये सामान्य लोकांनी रेटा लावल्यावर इ.स.पू. ४५१-४५० मध्ये बारा फलकांवर कायदे लिहिले गेले. चारशे वर्षांनंतर रोमन वक्ता सिसेरो आठवण सांगतो, की लहानपणी आम्ही हे बारा फलक सक्तीच्या गाण्यासारखे पाठ करायचो. आता ते कोणी शिकत नाही. त्याच्या सुरात हळहळ आहे. पण पाठांतराच्या त्याच पिढ्यांनी गणराज्य बुडताना पाहिले, हेही विसरून चालत नाही. प्लेटोने म्हातारपणी कायद्यांवर लिहिताना याच दुखण्यावर बोट ठेवले होते. गुलामांवर उपचार करणारा वैद्य नुसता हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे पळतो. स्वतंत्र माणसाचा वैद्य रोग्याशी, त्याच्या घरच्यांशी बोलतो, आणि त्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. म्हणून प्रत्येक कायद्याआधी त्याचे कारण सांगणारी प्रस्तावना असावी, असे त्याचे म्हणणे. शिकवण्याच्या दृष्टीने ही सूचना अजून शिळी झालेली नाही.

पाठ करून घ्यायचे की पटवून द्यायचे, हा वाद शाळा सरकारच्या हातात आल्यावर खरा पेटला. एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सच्या विधानसभेत तत्त्वज्ञ कोंडोर्सेने सार्वजनिक शिक्षणाचा अहवाल मांडला. वाचन मध्येच थांबवावे लागले, कारण त्याच दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारायचे होते. राज्यघटना काय किंवा मानवी हक्कांचा जाहीरनामा काय, स्वर्गातून उतरलेल्या पाट्यांसारखे, पुजायला आणि विश्वास ठेवायला म्हणून कोणापुढे ठेवू नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. क्रांतीच्या ऐन भरात, क्रांतीच्याच कागदपत्रांबद्दल हे बोलायला धाडस लागते. दोन वर्षांनी कोंडोर्से कैदेत मरण पावला.

बरोबर उलटी मांडणी १८३८ च्या जानेवारीत इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्ड इथे झाली. बोलणारा होता अठ्ठावीस वर्षांचा वकील, अब्राहम लिंकन. जमावाने माणसे मारण्याच्या घटना तेव्हा अमेरिकेत वाढल्या होत्या. दोनच महिन्यांपूर्वी त्याच राज्यात गुलामीविरोधी संपादक लव्हजॉय याला जमावाने ठार केले होते. लिंकनचे म्हणणे असे, की आईच्या मांडीवरच्या बोबड्या बाळापासून शाळा-कॉलेजांपर्यंत कायद्याबद्दलचा आदर शिकवावा, तो राष्ट्राचा राजकीय धर्मच व्हावा. वाईट कायदे लवकर रद्द करावेत, पण होईपर्यंत पाळावेत. जमाव दारात उभा असताना हे पटते. मात्र ‘धर्म’ हा शब्द कोंडोर्सेला खचितच खटकला असता. नागरिकशास्त्राच्या वर्गात आजही या दोघांचे भांडण चालूच असते. फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला ते दिसतेच असे नाही.

या भांडणाचा सर्वांत जड हिशेब जर्मनीने चुकता केला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन गणराज्याची १९१९ ची राज्यघटना वायमार राज्यघटना म्हणून ओळखली जाते; तिच्या १४८ व्या कलमाने नागरिकशास्त्र हा शाळेचा विषय केला. इतकेच नव्हे, सक्तीचे शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यघटनेची एक प्रत द्यावी, अशी तरतूद केली. कल्पना करा : चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा, हातात दाखला आणि सोबत राज्यघटना. १९३३ मध्ये ते गणराज्य संपले, आणि तेही बरेचसे कायद्याच्या भाषेत, वटहुकूम आणि हिटलरच्या सरकारला कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा यांच्या वाटेने. पुस्तिका वाटल्याने कायद्याचे राज्य टिकत नाही, याचा याहून ढळढळीत दाखला मला तरी माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत नागरिक शिक्षणाचे काम नव्याने उभे राहिले. पण शिकवायचे कसे, यावर शिक्षणतज्ज्ञांमध्ये टोकाचे गट पडले. १९७६ साली श्टुटगार्टजवळच्या बॉयटेल्सबाख इथे ते एकत्र बसले. मतदान झाले नाही, ठराव झाला नाही; चर्चेत कशावर एकमत दिसले ते एकाने नंतर टिपून काढले, आणि तेच टिपण पुढे पायंडा होऊन बसले. विद्यार्थ्यावर आपले मत लादून त्याला स्वतः विचार करण्यापासून अडवू नये. जे समाजात वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला आपले हित कशात आहे हे ओळखून परिस्थितीवर प्रभाव टाकता यायला हवा. कोंडोर्सेला नको असलेली ती स्वर्गातून उतरलेली पाटी इथे पुन्हा पुसली गेली म्हणायची.

वर्गाबाहेरची शाळा त्याआधीच कोणाच्या तरी नजरेत भरली होती. १८३१ मध्ये अमेरिका पाहायला गेलेल्या तोकव्हिल या फ्रेंच लेखकाने ज्यूरीला, म्हणजे निवाड्यासाठी बसणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाला, ‘फुकट आणि सदैव उघडी शाळा’ म्हटले. पक्षकारांना ज्यूरीचा उपयोग होतो की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. निवाडा करायला बसणाऱ्यांना तो नक्की होतो, याबद्दल त्याला शंका नव्हती. १९७२ साली वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी माध्यमिक शाळांत जाऊन शिकवायला सुरुवात केली, त्यामागेही करून शिकण्याचीच ही कल्पना होती. या उपक्रमाचे नाव ‘स्ट्रीट लॉ’. पोलिसांनी अडवले तर, घरमालकाने बाहेर काढले तर, विकत घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली तर, अशा रोजच्या प्रसंगांतून कायदा उलगडायचा आणि अभिरूप खटले चालवायचे. १९८० च्या दशकात हा प्रकार दक्षिण आफ्रिकेत पोचला, तेव्हा अडचण वेगळीच होती. तिथे वर्णभेद हाच कायदा होता. कायद्याबद्दल आदर शिकवणार तो कोणत्या तोंडाने? तिथल्या शिकवणाऱ्यांना कायदा आणि न्याय यांच्यातले अंतर हाच धडा करावा लागला.

पुढचे टप्पे कागदावरचे आहेत, ते भरभर सांगितले तरी चालतील. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या ४२ व्या कलमाने करारातली तत्त्वे मोठ्यांना आणि मुलांना कळवण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली. संयुक्त राष्ट्रांच्याच २०१५ च्या दोहा जाहीरनाम्याने गुन्हे रोखण्याच्या संदर्भात शिक्षणावर भर दिला. २०१९ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय यांनी मिळून धोरणकर्त्यांसाठी मार्गदर्शिका काढली. यांतले मला महत्त्वाचे वाटते ते बालहक्क कराराचेच २८ वे कलम. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असावी, असे ते सांगते. म्हणजे बंधन शिक्षकावर.

या कराराचा पहिला मसुदा १९७८ साली पोलंडने पुढे केला होता, आणि त्यामागे वॉर्सातल्या एका डॉक्टरांची आठवण होती. यानुश कोर्चाक ज्यू मुलांचे अनाथालय चालवत. १९४२ मध्ये त्या मुलांसोबत ते त्रेब्लिंकाच्या संहारछावणीत मारले गेले. अनाथालयात मुलांचे न्यायालय होते. ज्यांच्यावर त्या आठवड्यात तक्रार नाही, अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून न्यायाधीश निवडत. कोर्चाकने संहिताही लिहिली होती. तिची पहिली ९९ कलमे सगळी सोडून देण्याची किंवा माफीची. शंभराव्यापासून ठपका सुरू होई, आणि हजारावे कलम म्हणजे अनाथालयातून काढून टाकणे. तक्रार कोणीही कोणाविरुद्ध करू शके, मोठ्यांविरुद्धही.

सहा महिन्यांत कोर्चाक स्वतः पाच वेळा या न्यायालयापुढे गेले. एकदा मुलाच्या कानाखाली लगावली म्हणून, एकदा एकाला झोपायच्या खोलीतून हाकलले म्हणून, एकदा कोपऱ्यात उभे केले म्हणून, एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून, आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. आपल्याला ‘घटनात्मक’ शिक्षक बनवले ते या खटल्यांनी, असे त्यांनी लिहिले आहे. असा शिक्षक मुलांवर अन्याय करत नाही. मुले आवडतात म्हणून नव्हे, तर त्याच्या मनमानीपासून त्यांना वाचवणारी एक व्यवस्था आहे म्हणून. पाचही खटल्यांचा निकाल पहिल्या ९९ कलमांतच लागला.