पार्श्वभूमी : 'फुटबॉल ॲक्ट' या दोन शब्दांमागे काय आहे?

२२ फेब्रुवारी २०२४, गुरुवार. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे फुटीच्या, सर्वोच्च लीगमधल्या (एएफएल) मेलबर्न क्लबच्या अठ्ठावीस वर्षांच्या मिडफिल्डरने निवृत्ती जाहीर केली. करार २०२८ पर्यंतचा होता आणि मोसमाचा पहिला सामना अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता. त्या दिवशी डीजच्या, म्हणजे मेलबर्न क्लबच्या, चाहत्यांमध्ये धक्का बसलेला माणूस मला कुणी भेटला नाही. सप्टेंबरमध्ये एका धडकेत त्याच्या डोक्याला लागलं, तेव्हापासून सगळे मनात हेच धरून होते. दुःख होतंच, सुटकेचा निःश्वासही होता. 'निदान वेळेवर थांबला' हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. पण संध्याकाळ व्हायच्या आत बोलणं त्याच्या मेंदूवरून घसरून पुन्हा त्या जुन्या वादावर आलं. ती धडक 'फुटबॉल ॲक्ट' होती की नव्हती? पाच महिन्यांपूर्वी याच दोन शब्दांवरून अर्धं शहर उरलेल्या अर्ध्या शहराशी भांडलं होतं. हे टिपण मुख्यतः त्या दोन शब्दांबद्दल आहे.

७ सप्टेंबर २०२३ ची रात्र, मेलबर्नचं एमसीजी मैदान, मोसमाअखेरच्या फायनल्सचा पहिला सामना, समोर शहरातलाच कॉलिंगवूड क्लब. स्टँडमध्ये ९२ हजारांहून जास्त माणसं. पहिल्याच क्वार्टरमध्ये आमच्या त्याच खेळाडूने धावता धावता चेंडू पुढे मारला. तो अडवायला समोरून कॉलिंगवूडचा बचावपटू झेपावला, दोन्ही हात वर. चेंडू निघून गेला, बचावपटू हवेतच राहिला. खाली येताना तो वळला, अंग आकसलं आणि खांदा थेट आमच्या खेळाडूच्या डोक्यावर आदळला. डोक्यावर मऊ हेल्मेट होतं. पूर्वीच्या कन्कशन्समुळे (मेंदूला बसलेल्या हादऱ्यांमुळे) हा खेळाडू गेली कित्येक वर्षं ते घालूनच खेळायचा. पण हेल्मेटने डोक्याची खोक वाचते, कवटीच्या आत मेंदू हलतो तो त्याने थांबत नाही. तो जमिनीवर निपचित पडून होता. पडताना हात सावरायला पुढे आला नाही, हे ज्याने पाहिलं त्याला रिप्लेची गरज नव्हती. स्ट्रेचर आलं. सामना पुढे सुरू राहिला आणि कॉलिंगवूडने तो सात गुणांनी जिंकला.

पुढची प्रक्रिया फुटी पाहणाऱ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. सामन्यांची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला यात आरोप ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्याच्या वरच्या पदावरून मात्र प्रकरण ट्रिब्युनलकडे, म्हणजे लीगच्या शिस्तीच्या न्यायाधिकरणाकडे, पाठवण्याचा निर्णय झाला. आरोप होता निष्काळजीपणाचा, आघाताची प्रतवारी 'गंभीर'. दोषी ठरला असता तर किमान तीन सामन्यांची बंदी. कॉलिंगवूडची घोडदौड चालू असल्याने त्या तीन सामन्यांत ग्रँड फायनलही (विजेता ठरवणारा अंतिम सामना) आली असती. १२ सप्टेंबरला सुनावणी झाली, काही तास चालली आणि खेळाडू निर्दोष सुटला. लीगने अपील केलं नाही. ३० सप्टेंबरला कॉलिंगवूडने ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून चषक उचलला, तेव्हा तो बचावपटू मैदानावर होता. आमचा खेळाडू त्यानंतर एकही सामना खेळला नाही.

आता त्या शब्दाकडे. 'फुटबॉल ॲक्ट' म्हणजे खेळाचा भाग असलेली कृती. ऐकायला साधा, पण नियमपुस्तकाला अशा शब्दाने काही ठरवता येत नाही. नियम विचारतो ते वेगळंच : वागणं निष्काळजी होतं का? समंजस खेळाडूला पुढचं दिसायला हवं होतं का? हा शब्द खरं तर समालोचकांच्या आणि माजी खेळाडूंच्या तोंडचा. पण त्या आठवड्यात टीव्ही, रेडिओ, ट्राम, ऑफिसातली कॉफी, सगळीकडे तो निकालासारखा वापरला गेला. 'फुटबॉल ॲक्ट आहे' म्हटलं की विषय संपला. तो हवेत झेपावला तो चेंडूसाठी, माणसासाठी नाही, हे सगळ्यांनाच दिसत होतं. माझ्याही मते तो मारायला गेला नव्हता. वाद हेतूबद्दल नव्हताच, पण या शब्दामुळे तो हेतूचा झाला.

खरी गुंतागुंत नियमांच्या रचनेत होती. आपल्या खेळात 'बम्प' आणि 'स्मदर' या दोन वेगळ्या गोष्टी. बम्प म्हणजे खांद्याने समोरच्याला धक्का देणं. बम्प निवडला आणि समोरच्याच्या डोक्याला लागलं, तर जबाबदारी जवळजवळ आपोआप तुमची, कारण टॅकल करायचा, म्हणजे हातांनी धरून अडवायचा, पर्याय तुम्हाला होता. स्मदर म्हणजे किक अडवायला हात आडवे घालणं. वडीलधारे कोच मुलांना ज्या निधड्या कृत्यासाठी शाबासकी देतात ते. स्मदरसाठी तशी कडक तरतूद तेव्हा नव्हती. त्यामुळे सुनावणी या एका गाठीभोवती फिरत राहिली : झेप स्मदरची, पण शेवट खांद्याच्या धक्क्याचा, मग मोजायचं कुठलं?

लीगची बाजू अशी की उडी मारायचा निर्णय त्याचा होता. इतक्या वेगात समोरून येणाऱ्या माणसाच्या दिशेने जमीन सोडली, तर अंगावर आदळणार हे कळायला हवं. बचावाने शरीरगतीशास्त्राचा तज्ज्ञ उभा केला. पाय जमिनीवरून सुटल्यावर मार्ग बदलता येत नाही, आणि धडकेपूर्वी अंग आकसून घेणं ही विचार करून केलेली निवड मानायला तेवढा वेळच नव्हता, असा त्याच्या साक्षीचा रोख. ट्रिब्युनलने तो स्वीकारला. उडी मारली त्या क्षणी दोघांत अंतर होतं, आणि अशी जोरदार धडक अटळ किंवा संभाव्य आहे हे समंजस खेळाडूला दिसलंच असतं असं म्हणता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. हवेत असताना अंग कसं वळवून उतरायचं याचा निवाडा क्षणार्धात करण्याची अपेक्षा खेळाडूकडून जास्तच होईल, असंही निकालाने म्हटलं.

तेव्हाच्या नियमांत बसवून पाहिलं तर निकाल चुकीचा होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्यात एक फट आहे आणि चाहत्यांचा सगळा राग त्या फटीत अडकला. कायद्याने प्रश्न विचारला हवेतल्या अर्ध्या सेकंदाचा. जमीन सोडायच्या आधीच्या क्षणाला त्यामानाने थोडं वजन मिळालं. डीजचे चाहते म्हणत होते, 'उडी मारू नकोस.' कॉलिंगवूडचे म्हणत होते, 'उडी मारल्यावर तो काय करणार?' दोन्ही वाक्यं खरी होती आणि दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. म्हणून भांडण मिटेना.

आणि मग डिसेंबर २०२३ मध्ये लीगने नियम बदलला. स्मदरसाठी जमीन सोडणाऱ्या खेळाडूमुळे समोरच्याच्या डोक्याला लागलं, तर अपवादात्मक परिस्थिती वगळता ते किमान निष्काळजी धरलं जाईल. म्हणजे सप्टेंबरमध्ये जी 'फुटबॉल ॲक्ट' होती, ती डिसेंबरमध्ये गुन्हा झाली. फेब्रुवारीत निवृत्तीची बातमी आली तेव्हा लोकांच्या बोलण्यात जी कडवट धार होती ती इथून आली. आमची बाजू निकालाने हरली होती, युक्तिवाद नियमात जिंकला होता, आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो घरी बसला होता.

निवृत्तीच्या निवेदनात त्याने सांगितलेली एक गोष्ट चाहत्यांच्या बोलण्यात कमी आली, मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये झालेल्या स्कॅनशी नवा स्कॅन ताडून पाहिला, तेव्हा मेंदूत सूक्ष्म बदल दिसले. २०२१ म्हणजे क्लबने ५७ वर्षांनी चषक जिंकला ते वर्ष. त्या संघात तो होता. एकूण १६७ सामने. पहिली कन्कशन्स झाली तेव्हा तो विशीच्या उंबरठ्यावर होता. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू क्रमाने निवडायची पद्धत) त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं होतं. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर सेंट किल्डाने घेतलेल्या फॉरवर्डला पाच वर्षांत आठ कन्कशन्स झाली. त्याला संघाने सोडलं, तो सिडनीकडून परत आला, २०२२ ची ग्रँड फायनल खेळला, आणि एप्रिल २०२३ मधल्या आणखी एका आघातानंतर त्यालाही थांबावं लागलं. एका ड्राफ्टमधला पहिला आणि तिसरा, दोघेही डोक्यामुळे गेले.

मराठीत या दुखापतीला नीट शब्द नाही, आणि ते मला खटकतं. 'मेंदूला हादरा' म्हणता येतं, पण घरात कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो 'मुका मार'. रक्त नाही, हाड मोडलं नाही, म्हणजे हळदीचा लेप लावून भागणारं काहीतरी. किंवा 'डोळ्यांपुढे काजवे चमकले', आणि हसून सोडून देतो. इथल्या जुन्या फुटीतही हेच होतं. डोकं झिणझिणलेला खेळाडू पाण्याचा फवारा मारून घ्यायचा आणि परत उतरायचा. दुसऱ्या दिवशी त्याला सामन्याचा उत्तरार्ध आठवत नसे, आणि हा किस्सा म्हणून सांगितला जाई. समोरून खांदा घालून माणूस आडवा करणाऱ्या 'शर्टफ्रंट'वर स्टँड उठून उभा राहायचा. १८५८ पासून चालत आलेल्या या खेळाच्या बहुतेक काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही, कारण डोक्याचा हिशोब कुणी ठेवलाच नाही.

हिशोब सुरू झाला तो अलीकडे. कन्कशन झालेल्या खेळाडूने त्याच दिवशी परत उतरायचं नाही, हे पक्कं झालं २०११ मध्ये. २०१६ मध्ये ब्रिस्बेनचा बावीस वर्षांचा बचावपटू सरावात डोक्याला गुडघा लागून कायमचा थांबला. तेव्हा 'सक्तीची निवृत्ती' हा शब्द पहिल्यांदा तरुण चेहऱ्यासह समोर आला. २०२० उजाडताच मोठा धक्का बसला. आदल्या वर्षी वारलेल्या, जीलाँगच्या आणि अख्ख्या खेळाच्या दंतकथा बनलेल्या खेळाडूच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडलेला मेंदूचा आजार, सापडला. हा आजार जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही. मेंदू दान केला तरच कळतो. त्याच वर्षी सेंट किल्डाच्या एका माजी कर्णधाराच्या मेंदूत तो सापडला, मग रिचमंडच्या अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माजी मिडफिल्डरच्या मेंदूत, तोही गंभीर स्वरूपाचा. जुलै २०२३ मध्ये ॲडलेडच्या महिला संघाकडून खेळलेल्या, अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेल्या खेळाडूचं निदान जाहीर झालं. व्यावसायिक महिला खेळाडूमधलं ते जगातलं पहिलं निदान.

२०२१ पासून किमान बारा दिवसांची विश्रांती सक्तीची झाली. २०२२ मध्ये या विषयावर लीगला वर्षानुवर्षं सल्ला देणाऱ्या तज्ज्ञावर वाङ्मयचौर्याचे आरोप सिद्ध झाले, आणि चौकशीनंतर लीगला माजी खेळाडूंची माफी मागावी लागली. मार्च २०२३ मध्ये माजी खेळाडूंनी व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. त्या एमसीजीच्या रात्रीच्या दोनच दिवस आधी कॅनबेरात सिनेट समितीचा अहवाल आला, तेरा शिफारशींसह. डिसेंबरमध्ये रिचमंडच्या त्या खेळाडूच्या मृत्यूच्या चौकशीत कोरोनरने (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने) सरावातली अंगाला अंग भिडणारी सत्रं मर्यादित ठेवायची शिफारस केली. ही धडक अशा वेळी झाली, म्हणून ती फक्त एका सामन्यातली धडक राहिली नाही.

तरीही खेळात एक विसंगती तशीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलू इच्छित नाही. उंच चेंडू झेलताना दुसऱ्याच्या पाठीवर, खांद्यावर गुडघा टेकून चढणं हे या खेळाचं सर्वांत सुंदर दृश्य मानलं जातं. तो गुडघा कधी डोक्याच्या मागे बसतो. नजर चेंडूवर असली तर सहसा शिक्षा नाही. मलाही ते दृश्य आवडतं, मुलांसोबत मीही ओरडतो. पण २०२३ नंतर ते पाहताना नजर आधी खालच्या माणसाच्या मानेकडे जाते.

निवृत्तीनंतरच्या आठवड्यांत वातावरण झपाट्याने कडक झालं. मार्च २०२४ च्या एका सराव सामन्यात बम्प केल्याबद्दल सेंट किल्डाच्या बचावपटूला सात सामन्यांची बंदी झाली. एप्रिलमध्ये कॉलिंगवूडलाच झळ लागली. २०२३ च्या ग्रँड फायनलमध्ये पहिल्याच क्वार्टरमध्ये डोक्याला लागून बाहेर गेलेला त्यांचा तरुण बचावपटू, वय चोवीस, वैद्यकीय तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून निवृत्त झाला. माझ्या ऑफिसात कॉलिंगवूडचा काळापांढरा स्कार्फ खुर्चीला लटकवणारा एक सहकारी आहे. सप्टेंबरमध्ये त्याने मला 'फुटबॉल ॲक्ट' चा अर्थ तीनदा समजावला होता. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो त्या मुलाच्या वयाबद्दलच बोलत होता. मीही सप्टेंबरचा विषय काढला नाही. त्याच वर्षी वेस्टर्न बुलडॉग्जने घेतलेल्या एका नवख्या मुलाला सरावातल्या आघातामुळे एकही सामना न खेळता थांबावं लागलं.

मेलबर्न शहराच्या पश्चिमेला टार्नेट, पॉइंट कुक या भागांत रविवारी सकाळी मुलांच्या मैदानांवर आता मराठी सहज ऐकू येते. तिथे वयोगटातल्या फुटीसाठी २०२४ पासून नियम वेगळा आहे : कन्कशननंतर किमान एकवीस दिवस सामना नाही, आणि लक्षणं पूर्ण गेल्यावर चौदा दिवस अंगाला अंग भिडणारा सराव नाही. मागच्या मोसमात सीमारेषेवर उभ्या एका बाबांनी कोचला विचारलं की टीव्हीवरच्यांना बारा दिवस आणि माझ्या मुलाला एकवीस, असं का? कोचने अधिकृत उत्तर दिलं : त्यांच्यामागे रोज तपासणारे डॉक्टर असतात, आपल्याकडे नाहीत; शिवाय वाढत्या वयातल्या मेंदूला सावरायला जास्त वेळ लागतो. बाबांनी मान हलवली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याची बॅग गाडीत टाकली. मुलगा मागच्या सीटवरून मैदानाकडे बघत होता. तो त्याचा पाचवा दिवस होता.