जड काय आहे: डिस्ट्रो की डेस्कटॉप?

“लॅपटॉप २०१२ चा आहे, उबुंटू जड पडतंय, मिंट टाकू का?” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे चांगले चालते लॅपटॉप घेऊन माणसं लिनक्सकडे येतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवलेल्या असतात: डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू-मिंटसारखं लिनक्सचं तयार रूप, आणि डेस्कटॉप, म्हणजे त्याचा पडद्यावर दिसणारा चेहरा, आणि त्यापायी माणसं रविवारच्या रविवार फॉरमॅट मारण्यात घालवतात.

विंडोज तुम्हाला माहीत आहे. तिथे स्टार्ट मेनू, टास्कबार, खिडक्या आणि त्यांच्याखालची प्रणाली सगळं एकच आहे, सुटं करता येत नाही. म्हणून लिनक्सकडे आल्यावरही ‘उबुंटू’ म्हटलं की डोळ्यांसमोर ती डावीकडची पट्टी येते. ती पट्टी उबुंटूची खूण असली तरी उबुंटू म्हणजे ती पट्टी नव्हे. ती ग्नोम नावाच्या डेस्कटॉपवर बसवलेली आहे. उबुंटू २००४ पासून आहे. मध्ये २०११ ते २०१७ त्याने युनिटी नावाचा वेगळाच डेस्कटॉप दिला होता. चेहरा दोनदा बदलला, तरी उबुंटू उबुंटूच राहिलं.

एसटीचं बघा. चेसिस कंपनीकडून येते आणि दापोडीच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी चढते. कर्नल (हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा गाभा) आणि त्याभोवतीची मूळ साधनं म्हणजे चेसिस. डेस्कटॉप म्हणजे बॉडी: सीट, खिडक्या, दिवे, जे प्रवाशाला दिसतं ते. आणि डिस्ट्रो म्हणजे महामंडळ: कुठली चेसिस, कुठली बॉडी हे ठरवणारं, सुटे भाग पुरवणारं, दुरुस्ती करणारं, गाडी किती वर्षं चालवायची ते सांगणारं. गाडीला बॉडीचं ओझं झालं असेल तर महामंडळ बदलून काय होणार?

माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलं. मावशीचा लॅपटॉप दोन कोरचा, चार जीबी रॅमचा. आधी उबुंटू टाकलं, अडखळायला लागलं. मग फेडोरा वर्कस्टेशन, तेही अडखळलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून पॉप ओएस २२.०४, तरी तेच. तीन रविवार गेले आणि “लिनक्स हलकं असतं हे खोटं आहे” असं तो मला म्हणाला. मी विचारलं, तिन्ही वेळा डेस्कटॉप कोणता होता? त्याला प्रश्नच कळला नाही. तिन्ही वेळा ग्नोमच होता.

आम्ही पुन्हा उबुंटू टाकलं आणि त्याच उबुंटूवर एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप बसवला, फॉरमॅट न करता. लॉग आउट केलं, लॉगिनच्या पडद्यावर नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात येणारं दातेरी चाक दाबलं, यादीतून एक्सएफसीई निवडलं, पासवर्ड टाकला. नुसतं चालू करून बसल्यावर ग्नोम सव्वा जीबीच्या आसपास रॅम घेत होतं, आता आकडा ६५० एमबीच्या आसपास आला. मेनू दाबल्यावर लगेच उघडला. कर्नल तेच, डिस्ट्रो तीच, फाइली जागच्या जागी.

रॅम हे अर्धंच कारण आहे. ग्नोम पडद्यावरची प्रत्येक खिडकी ग्राफिक्स चिपकडून रंगवून घेतं, आणि ते बंद करायची सोय त्यात नाही. चिप जुनी किंवा तिचा ड्रायव्हर अपुरा असला की ते काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं आणि पंखा घोंघावायला लागतो. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये जाऊन कंपोझिटरची (खिडक्या एकत्र रंगवणाऱ्या भागाची) खूण काढली की ते ओझंच उतरतं. सावल्या जातात. जाऊ द्या.

म्हणून “मिंट टाक” हा सल्ला ऐकला की मला राग येतो. कुठल्या डेस्कटॉपचं मिंट? सिनॅमनचं, माटेचं की एक्सएफसीईचं? दोन जीबीच्या मशीनवर सिनॅमनचं मिंट घालणं आणि एक्सएफसीईचं घालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तसंच झुबुंटू, लुबुंटू, कुबुंटू या काही निराळ्या प्रणाली नव्हेत, वेगवेगळे डेस्कटॉप घातलेली उबुंटूच. ‘दहा हलक्या डिस्ट्रो’ छापाचे व्हिडिओ डेस्कटॉपचं नावही घेत नाहीत, ते बघणं सोडा.

मग डिस्ट्रोला महत्त्व नाही का? आहे, पण दुसऱ्या कारणांसाठी. मशीन ३२ बिट, म्हणजे फार जुन्या प्रोसेसरचं असेल तर पर्याय झपाट्याने कमी होतायत. डेबियन या डिस्ट्रोच्या १३ व्या आवृत्तीने ऑगस्ट २०२५ मध्ये ३२ बिट मशीनचा इन्स्टॉलर देणंच बंद केलं. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात, पण झुबुंटू-लुबुंटूला तीनच. मिंटच्या एक्सएफसीईला पाच. काही वायफाय चिपना मुक्त नसलेलं फर्मवेअर (चिप चालवणारं, कंपनीच्या मालकीचं सॉफ्टवेअर) लागतं, आणि डेबियनने ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून घातलं. त्याआधी नवखा माणूस इथेच अडकायचा. आणि एका बाबतीत जडपणाचा दोष खरंच उबुंटूचा आहे: २१.१० या आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅप (सगळे सुटे भाग सोबत बांधलेलं पॅकेज) म्हणून येतं, आणि फिरत्या हार्ड डिस्कवर ते पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतं. मिंट स्नॅप मुळात बंदच ठेवतं. म्हणून माझी शिफारस ठरलेली आहे: नवख्याला मिंट एक्सएफसीई, थोडं हात चालवणाऱ्याला डेबियन आणि त्यावर एक्सएफसीई. एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉपही हलका आहे. केडीई हा डेस्कटॉप लोक समजतात तेवढा जड राहिलेला नाही, पण चार जीबीच्या खाली मी घालणार नाही.

ब्राउझर मात्र कुठल्याही डिस्ट्रोत, कुठल्याही डेस्कटॉपवर तेवढंच खातो. वीस टॅब उघडल्यावर एक्सएफसीई तुम्हाला वाचवणार नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली तर जो फरक पडतो तो या सगळ्यापेक्षा मोठा आहे. पैसे असतील तर आधी तिथे घाला.

एक त्रास मात्र आधीच सांगतो, कारण मराठी लिहिणाऱ्याला तो होतोच. ग्नोममध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडली की झालं. एक्सएफसीईमध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करू देणारा प्रोग्राम) आपण लावून घ्यायचं, त्यात मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा आणि लॉगिन झाल्यावर ते आपोआप सुरू होतंय ना ते बघायचं. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ नावाचं साधन यातलं बरंच काम करतं. मावशीच्या उबुंटूवर याला अर्धा तास लागला. तो झाल्यावर तिने पहिल्यांदा भिशीची यादी टाइप केली, आणि आता ती लॅपटॉप कुणाला हात लावू देत नाही.