वेग कमी केलात, लाट कुठे कमी केलीत?

मांडव्याकडे निघालेल्या स्पीडबोटीच्या चालकाला समोर शीड दिसतं. तो थ्रॉटल निम्म्यावर आणतो, हात हलवतो आणि आपण सभ्यपणे वागलो अशा समाधानात पुढे जातो. अर्ध्या मिनिटात त्याची लाट शिडाच्या होडीला बगलेवर गाठते आणि होडीवरून शिव्या सुरू होतात. चालकाच्या मते शिडवाल्यांना कितीही करा, कमीच. वेग कमी करणं आणि लाट कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं तर यातली बरीचशी भांडणं मिटतील.

आधी वाटेचा प्रश्न उरकून टाकू, कारण तो बहुतेकांना ठाऊक असतो. १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांनुसार इंजिनाची बोट शिडाच्या होडीला वाट देते. मागून ओलांडणारा मात्र शिडाचा असला तरी त्यानेच बाजूने जायचं. अरुंद चॅनेल सोडून ज्याला जाता येत नाही, अशा जहाजाला शिडाच्या होडीने अडवायचं नाही. जेएनपीए (पूर्वीचं जेएनपीटी) बंदराकडे निघालेलं कंटेनर जहाज तुमच्या शिडासाठी वळणार नाही, वळूही शकत नाही. आणि शीड वर असलं तरी इंजिनावर चालत असाल तर तुम्ही इंजिनवालेच. तेव्हा दिवसा पुढच्या बाजूला टोक खाली असलेला काळा शंकू लावायचा असतो. तो बहुतेकांच्या लॉकरात लाइफजॅकेटांखाली पडलेला असतो. एक्झॉस्टमधून पाणी थुंकत ‘शिडाला पहिला मान’ म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी तो शोधावा.

पण तुमच्या बोटीने उठवलेल्या लाटेसाठी या नियमांत वेगळं कलम नाही. तिथे समजुतीनेच वागायचं असतं, आणि समज नेमकी तिथेच चुकलेली असते.

बोट पाणी कापत चालते तेव्हा तिच्या वेगाला एक नैसर्गिक मर्यादा असते: पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.३४. पाण्यातली लांबी २५ फूट असेल तर साधारण ६.७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), ३६ फूट असेल तर ८ नॉट. या मर्यादेच्या दोन-तृतीयांशाखाली, म्हणजे चार-पाच नॉटला, लाट नगण्य असते. मर्यादा ओलांडायला लागलात की बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाते, मागचा भाग खाली बसतो आणि इंजिनाची बरीचशी ताकद पाणी ढकलण्यात खर्च होते. सगळ्यात मोठी लाट याच टप्प्यात उठते. आणखी वेग घेऊन, साधारण १८-२० नॉटच्या पुढे, बोट पाण्यावर उचलली गेली, प्लेनवर आली, की लाट पुन्हा लहान होते.

आता त्या सभ्य चालकाचं बघा. तो २२ नॉटवरून ११वर आला. वेग निम्मा झाला, लाट वाढली. शेजारून जाताना नेमका तो सगळ्यात वाईट टप्प्यात होता. न थांबता दोनशे मीटर लांबून गेला असता तर शिडवाल्याने आभार मानले असते. म्हणून माझं ठाम मत: पुरेशी जागा असेल तर लांबून प्लेनवरच जा, नसेल तर पूर्ण खाली या. मधल्या वेगात कधीच जाऊ नका. खात्री करायची तर स्पीडोमीटर बघू नका, मागे वळून बघा. नाळ खाली टेकली आहे आणि मागे पांढरा फेस उठत नाही, म्हणजे तुम्ही खरोखर हळू आहात.

खाली यायचं ते शेजारी पोचल्यावर नव्हे. शे-दीडशे मीटर आधीपासून थ्रॉटल टप्प्याटप्प्याने कमी करा. एकदम बंद केलंत तर तुमचीच लाट मागून येऊन गाठते; आउटबोर्डच्या, म्हणजे मागे बाहेरून इंजिन टांगलेल्या, कमी उंचीच्या बोटीत ती सरळ आत येते. ती लाट पुढे निघून जाऊ द्या आणि मग शिडाजवळ या.

शिडाच्या होडीला एवढं का लागतं? पाच-सहा नॉट वाऱ्यात ती जेमतेम दोन-तीन नॉटने चालते. आडवी लाट आली की डोलकाठी लंबकासारखी झुलते, शिडातला वारा झटकला जातो आणि होडी जागेवर उभी राहते. तो वेग परत मिळवायला काही मिनिटं जातात. मागून वारा घेऊन चाललेली असेल तर बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, एका बाजूची दुसरीकडे फटकन जाते, आणि वाटेत कुणाचं डोकं असू शकतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची, आणि ती शिडवाले सोयीस्कर विसरतात. चिंचोळ्या खाडीत तुम्ही शिडवाले इंजिनावर सहा नॉटने चालला आहात. मागच्याला ओलांडायचं तर आठ नॉट हवेत, म्हणजे नेमका वाईट टप्पा. तुम्ही वेग सोडला नाहीत तर त्याने कितीही मनात आणलं तरी तो लाट टाळू शकत नाही. तुम्ही दोन-अडीच नॉटवर आलात तर तो चार-पाचने शांतपणे पुढे जाईल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या इंट्राकोस्टल वॉटरवेवर हे रेडिओवर ठरवूनच केलं जातं: मागचा विचारतो, पुढचा वेग कमी करतो. आपल्याकडे बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ बंद ठेवून नंतर धक्क्यावर भांडायची पद्धत आहे.

तो पुढे गेला की सुकाणू त्याच्या पाठीमागे वळवा, म्हणजे उरलेली लाट बगलेवर न येता नाळेवर येईल. आणि शीड लावलेलं असेल तर तो शेजारी असताना टॅक मारू नका, म्हणजे वाऱ्यातून नाळ फिरवून दिशा बदलू नका. तुम्ही दिशा आणि वेग कायम ठेवाल हे गृहीत धरूनच त्याने वाट आखलेली असते.

गेट वेसमोरच्या मुअरिंगमधून, म्हणजे होड्या बांधून ठेवायच्या जागेतून, जाताना मात्र ‘प्लेनवर लांबून’ हा पर्याय नाही. तिथे शेजारी शेजारी बांधलेल्या होड्यांच्या डोलकाठ्या एका लाटेने एकमेकींवर आपटतात, आणि डिंगीतून (ने-आण करणाऱ्या छोट्या नावेतून) होडीवर चढणाऱ्या माणसाचा एक पाय अजून डिंगीत असतो. शेवटचं मुअरिंग मागे पडेपर्यंत चार नॉट.