संत्र्याच्या कोवळ्या झाडाला कात्री लावावी की नाही?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या पट्ट्यात एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: पहिला बहार येईपर्यंत संत्र्याला कात्री लावू नये, लावल्यास वाढ खुंटते. यातला निम्मा भाग खरा आहे, कारण कोवळ्या झाडाची पाने जास्त कापल्यास फळधारणा लांबते. मात्र झाडाला हातच न लावणे महागात पडते. नागपुरी संत्रा बहुधा जंबेरी या खडबडीत सालीच्या लिंबाच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या रोपावर) संत्र्याची कळी बसवून, म्हणजे डोळा भरून वाढवलेला असतो, आणि त्या जोडाखालून येणारी काटेरी, तरतरीत फूट (जिचे अनेकांना उगाच कौतुक वाटते) संत्र्याची नसून खुंटाची असते. पान चुरगळून वास घेतला की शंका फिटते. ही फूट कोवळी असतानाच बोटांनी खुडावी, अन्यथा कलम दबते आणि झाडाला जंबेरी लागते.

जमिनीपासून दीड-दोन फूट खोड मोकळे ठेवून, वर चहूबाजूंना विखुरलेल्या तीन-चार फांद्या राखाव्यात. बाकी सल (वाळलेल्या फांद्या) काढण्यापलीकडे फारसे काही करू नये. मोठा काप पडल्यास मोरचूद (कॉपर सल्फेट) १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर या प्रमाणातील ताजी बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावावी, मात्र ती लोखंडी भांड्यात कालवू नये.