न्यायला कोण येणार?

एखाद्याला वेडा ठरवायचं असलं की महाराष्ट्रात चेष्टेनं ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, नाहीतर ‘ठाण्याला’. आमच्याकडे ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या मराठी घरांत, ‘आगऱ्याला धाडा’ असं ऐकू यायचं. मानसिक आरोग्यशाळा तर गावातच होती, तीही संस्थानी काळापासूनची. पण आपल्याच गावातल्या इमारतीचं नाव तोंडात घेणं नको वाटत असावं. तिथे कोण गेलं हे कुजबुजत का होईना, सांगितलं जायचं. कोण परत आलं, आणि कोणत्या वयात, हे फारसं कोणी सांगत नसे.

म्हातारपणी इस्पितळातून बाहेर पडणं एवढं अवघड का, याचं उत्तर आजारात कमी आणि जुन्या कागदांत जास्त सापडतं. १९१२ च्या ल्युनसी ॲक्टमध्ये, म्हणजे वेड्यांविषयीच्या कायद्यात, आत जाण्याची वाट साधारणपणे मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जायची. बाहेर पडायला तीन व्हिजिटरांनी, म्हणजे इस्पितळाच्या पाहणीसाठी नेमलेल्या माणसांनी, लेखी हुकूम द्यायचा, त्यांतला एक वैद्यकीय अधिकारी. नाहीतर नातेवाइकानं अर्ज करून ‘नीट सांभाळीन’ असा मुचलका लिहून द्यायचा. पहिली वाट कागदावर होती खरी, पण सुटका झालेला माणूस फाटकाबाहेर उभा राहून जाणार कुठे? म्हणून सगळं येऊन थांबायचं ते दुसऱ्या वाटेवर: न्यायला कोण येणार?

१९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मानसिक आजारावरचं औषध आलं आणि आयुष्यभर आत राहण्याची सक्ती वैद्यकीयदृष्ट्या बरीच सैल झाली. अनेक जण काही महिन्यांत घरी जाण्याजोगे होऊ लागले. ज्यांना कोणी न्यायला आलं नाही ते तिथेच राहून म्हातारे झाले. आणि इथे एक क्रूर गंमत आहे. जुनी औषधं वर्षानुवर्षं घेतली की हात थरथरतात, ओठ-जीभ आपोआप हलत राहतात, चाल आखडते. भेटायला आलेला पुतण्या हे बघतो आणि म्हणतो, ‘काका अजून बरे नाहीत.’ त्याला दिसतो तो औषधाचा परिणाम, आजार नव्हे. हे त्याला समजावून सांगायला वॉर्डात कोणाला फुरसत असते?

१९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ ला लागू झाला, तेव्हा कुठे १९१२ चा कायदा गेला. ‘वेडा’ हा शब्द कायद्यातून निघाला, काही रुग्णांना सुटकेसाठी स्वतः अर्ज करायची सोय झाली. नातेवाइकाच्या हमीचं कलम मात्र नव्या कायद्यातही होतंच. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन इस्पितळांवर देखरेख करायचं काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सोपवलं. आपल्या गावाचं नाव अशा यादीत वाचताना अभिमान वाटायचं काही कारण नव्हतं.

खरा बदल २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. त्याचं १९ वं कलम सरळ सांगतं, की कुटुंब नाही, कुटुंब घेत नाही किंवा घर नाही, एवढ्याच कारणावरून कोणाला इस्पितळात ठेवता येणार नाही. हाफवे होम, म्हणजे इस्पितळ आणि घर यांच्या मधला मुक्काम, आणि आधार देणारी निवासं सरकारनं उभी करायची. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला.

पण पन्नाशीत आत गेलेला माणूस सत्तरीत बाहेर येतो तेव्हा भाऊ वारलेला असतो, वहिनीला स्वतःचंच होत नाही, पुतण्या नोकरीला पुण्यात, आणि वाड्याचे वाटे होऊन मधली खोली कोणाच्या वाट्याला गेली तेही नीट कोणी सांगत नाही. इतकी वर्षं वॉर्डातली हिंदी बोलून मराठी जिभेवर अडते. चहा कधी, जेवण कधी, दिवा कधी विझणार, हे सगळं आजवर दुसऱ्यानं ठरवलेलं. आता ते आपण ठरवायचं हीच मोठी धास्ती. ‘मला परत तिथेच नेऊन सोडा’ असं एखाद्या आजीनं म्हटलं तर त्यात वेड शोधू नये.

मग कागद. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठीनंतर महिना २०० रुपये, ऐंशीनंतर ५००. राज्य आपला वाटा वरून घालतं. पण त्यासाठी नाव दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबात लागतं. घरच्यांनी रेशन कार्डावरून ज्याचं नाव कधीच कमी केलं, त्यानं त्या रकान्यात कोणाचं कुटुंब लिहायचं?